कोमट म्हणजे नेमकं किती

आमच्या बॅचचं गेट-टुगेदर असलं की जो तो आपापल्या केसेस बाहेर काढतो. एकानं हृदय उघडलेलं असतं, दुसऱ्यानं मेंदूतून काहीतरी काढलेलं असतं, तिसरी तर आता रोबोकडून ऑपरेशन करवते आणि स्वतः बाजूला बसून असते. मग कुणीतरी माझ्याकडे वळतं. "तुझं काय गं?"

माझं काय असणार? माझं पाणी!

विश्रांतवाडीत, आळंदी रोडच्या जरा आत माझा दवाखाना आहे. मी सर्जन. मूळव्याध, फिशर, गळवं, रुतलेली नखं, साखरेनं चिघळलेले पाय... जेवताना सांगता येणार नाहीत अशी सगळी कामं. यातल्या निम्म्या पेशंटना मी सांगते, कोमट पाण्यात बसा. उरलेल्या निम्म्यांना सांगते, पाया पडते तुमच्या, गरम पाण्याच्या वाटेला जाऊ नका. पहिले ते करत नाहीत. दुसरे करूनच आलेले असतात!

माझ्याबरोबर सुरुवातीपासून सिंधू सिस्टर आहेत. त्या म्हणतात, "मॅडम, हे किस्से म्हणजे स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. कुणी जमवत नाही. जमतात."

तर त्यातल्याच काही पिशव्या.

*

शनिवार पेठेतले जोगळेकर काका. रिटायर्ड इंजिनियर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मोजून मापून. फिशरनं बेजार झाले होते. पेठेतून इतक्या लांब माझ्याकडे का आलात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडे ओळखीचे लोक भेटतात."

मी तपासलं, औषध दिलं, पथ्य सांगितलं आणि म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बसा."

"कोमट म्हणजे नेमकं किती?"

"हाताला सोसेल इतकं."

"कुणाच्या हाताला?"

मी हात जोडले. ते गेले.

काही दिवसांनी परत आले, तेव्हा पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. खुर्चीच्या कडेवर अर्धवट टेकले होते. मी म्हटलं, "काका, पाण्यात बसत नाही का?"

"न चुकता बसतो. थर्मामीटर लावून बसतो."

"मग फरक पडायला हवा होता."

"तेच विचारायला आलोय."

मला काही कळेना. म्हटलं, कसे बसता ते तरी सांगा. तर काका म्हणाले, "खुर्चीवर. समोर बादली. पाय बादलीत."

बाहेर सिंधू सिस्टरांच्या हातातून ट्रे पडल्याचा आवाज आला.

"अहो काका, पाय कशाला? जिथं दुखतंय ते पाण्यात जायला हवं!"

काका जराही ओशाळले नाहीत. पेन काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आपण 'पाण्यात बसा' इतकंच म्हणालात. काय बुडवायचं, हे सांगितलं नाहीत. सूचना संदिग्ध होती."

त्या माणसानं इतके दिवस कळा सोसल्या. रोज, पाय स्वच्छ ठेवून!

*

तेव्हापासून मी चित्र काढून दाखवते. टब, त्यात माणूस, माणसाभोवती पाणी. चित्र इतकं वाईट येतं की एका बाईंनी विचारलं, "होडीत बसायचं का?" पण निदान पाय तरी कुणी बुडवत नाही.

अक्षयला मी हेच चित्र दिलं होतं. अकोल्याचा मुलगा, इथं आयटीत. अवघड जागी गळू झालं होतं, ते मी कापून साफ केलं. रोज टबमध्ये बस, म्हणून सांगितलं. त्यानं चित्र बघितलं, मान डोलावली, पण जागचा हलेना.

"मॅम, टब नाही."

"विकत घे."

"ठेवू कुठं? चार जणांत एक बाथरूम आहे. अन् टब कशाला आणला विचारलं, तर काय सांगू?"

"ऑपरेशन झालंय म्हणून सांग की!"

त्यानं आधी दार नीट लागलंय का ते बघितलं. रूममेटना माहीत नव्हतं. घरी माहीत नव्हतं. मॅनेजरला त्यानं 'स्पोर्ट्स इन्ज्युरी' सांगितली होती. "कुठला स्पोर्ट?" मी विचारलं.

"कॅरम."

जखम मात्र छान भरत होती. मी खूश होते. म्हटलं, मुलानं काहीतरी सोय केलेली दिसतेय. कसली, ते विचारावं असं काही मला सुचलं नाही.

मग एका सोमवारी सकाळी तीन तरुण मुलं दवाखान्यात आली. तिघं शेजारी शेजारी बसले. तिघांचेही चेहरे पांढरे. "मॅम, आम्ही अक्षयचे रूममेट्स. आम्हाला काही होणार नाही ना?"

"तुम्हाला काय होणार?"

"मॅम, आमच्याकडे एक मोठं पातेलं आहे. संडेला त्यात मटण करतो."

मला अंदाज आला. मी डोळे मिटले.

"त्यानं सांगितलं कधी?"

"दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, घासलेलं असणार, वर तासभर उकळलेलं असणार, काही होत नाही. ते उठले. दारापर्यंत गेले. त्यांच्यातला सगळ्यात उंच मुलगा मागे वळला. मला वाटलं, आता विचारेल, मित्राला नेमकं काय झालंय, तो बरा आहे ना.

तो म्हणाला, "वाईट याचं वाटतं मॅम, की पहिल्यांदाच मटण चांगलं झालं होतं."

*

लोणी काळभोरचे वस्ताद. नाव आम्ही कधी विचारलं नाही, सगळे वस्तादच म्हणायचे. तरुणपणी कुस्ती केलेली, मग पोरांना शिकवलेली. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. घोटा सुजून काळानिळा पडला होता. भाच्यानं मोटारसायकलवर घालून आणलं होतं.

"कधी पडलात?"

"पडतोय कशाला? पाय मुरगाळला. गरम पान्यात मीठ टाकून शेकतोय की रोज."

मी दाबून बघितलं. "वस्ताद, मोडलेलं वाटतंय."

"आवं डाक्टरीनबाई, मोडलं आसतं तर चाललो आसतो व्हय?"

एक्स-रे काढायला पाठवलं. फिल्म येईपर्यंत त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मी आत एकाचं ड्रेसिंग करत बसले. ते झाल्यावर पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. शेवटी सिंधू सिस्टर आल्या.

"मॅडम, बाहेर कुणी नाही."

"नाही म्हणजे? बाक भरला होता की!"

"वस्तादांनी सोडले."

मी बाहेर गेले. वस्ताद एकटे, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून, समाधानानं बसलेले. "किरकोळ व्हते समदे," ते म्हणाले. "कुनाला मीठ, कुनाला हळद सांगितली. म्हनलं, घरी जावा, गरम पानी घ्या. तुमचा बी ताप कमी केला."

मला हसू येणार होतं, तेवढ्यात सिस्टरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, ती पोटरी सुजलेली बाई पण गेली."

त्या बाईंची एकच पोटरी सुजली होती. तापलेली, टणक. आत रक्ताची गुठळी असावी असा मला दाट संशय होता, आणि तशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. सिस्टर तशाच, चप्पल न घालता धावल्या. त्या बाई चौकातल्या बसस्टॉपवर उभ्या होत्या. बस आली नव्हती. पुण्यात इतकी वर्षं राहते, बस वेळेवर न आल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

बाईंना मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. गुठळी होतीच. वस्तादांचा एक्स-रे आला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मी सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांच्या पायाचं, त्या बाईंचं, त्यांच्यामुळे काय झालं असतं त्याचं. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. 

"बरं," ते म्हणाले, "म्हंजे तिला हळद न्हाई चालायची."

*

आमच्याच भागातल्या एका सोसायटीत संध्याकाळी बायकांचा ग्रुप जमतो. प्रमुख निर्मलाताई. थंडीत त्यांनी क्लब हाऊसमध्ये एक मोठा टब आणला. गरम पाणी, खडेमीठ, थोडा शाम्पू, आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं पाय बुडवून गप्पा मारायच्या. फुकटातला स्पा! व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'कोमट सख्या'.

पहिल्यांदा निर्मलाताई आल्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मग त्यांची शेजारीण, चिखल्या. मग वरच्या मजल्यावरची. प्रत्येकीला खात्री, की आपल्याला त्या भाजीमंडईतून झाल्या.

मी निर्मलाताईंना बोलावून घेतलं. म्हटलं, हे त्या टबामुळे होतंय. एकीचं पाणी दुसरीला, दुसरीचं तिसरीला. सगळ्यांनी औषध लावा आणि एका टबात पाळीपाळीनं पाय घालणं आधी बंद करा.

त्यांना अगदी पटलं. "मी आजच ग्रुपवर टाकते," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात सख्यांची रांगच लागली. त्यात दोन तर नव्याच. मी निर्मलाताईंना फोन केला. "अहो, पाळीपाळीनं पाय घालणं बंद करा म्हटलं होतं ना?"

"केलं की लगेच!" निर्मलाताई म्हणाल्या. "आता मोठा टब घेतलाय. सगळ्या एकदम बसतो."

*

इथून पुढचं मी पार्टीत सांगत नाही.

संतोष यवतमाळकडचा. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला. राहायला आमच्या इथं, मोठ्या भावाकडे. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात पत्र्याची सुईसारखी कूस गेली होती. बोटाचं पेर सुजून टमाटं झालं होतं, आतून ठणकत होतं. तो रोज शिफ्टवरून आला की ते बोट गरम पाण्याच्या ग्लासात बुडवून बसायचा.

नखाशेजारी जरासं पिकलं असेल तर गरम पाण्यानं बरं वाटतं, खरं आहे. पण पेराच्या आत पू कोंडला, की तो हाडच खातो. वेळेवर छोटीशी चीर दिली तर बोट वाचतं. संतोष आला तेव्हा बोटाचं टोक काळं पडलं होतं.

मी चिडले. खरंच चिडले. "इतके दिवस काय करत होतास?"

"पाण्यात ठेवत होतो, मॅडम."

"दवाखान्यात यायला काय झालं होतं?"

"सुट्टी नव्हती. मांगितली की ठेकेदार दुसरा मानूस पाहते." तो अगदी साधेपणानं म्हणाला. "गरम पान्याले कोनाची परमिशन लागत नाही ना."

वरचं पेर काढावं लागलं. त्यानं ऑपरेशनच्या आधी एकच विचारलं, स्क्रू आवळता येईल का. मी म्हटलं, सवय होईल. टाके काढले त्या दिवशी तो हसला, हात जोडले आणि कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच बाहेर पायरीवर बसलेला. मला वाटलं, जखम उघडली.

"काय झालं रे? ड्युटी नाही?"

त्यानं तो हात वर केला. "हजेरीच्या मशीनवर हेच बोट होतं, मॅडम. काल गेटवर उभा राह्यलो. दोनदा, तीनदा लावलं. मशीन म्हणते, असा मानूस नाही."

मग जरा थांबून म्हणाला, "भेटली एकदाची सुट्टी."

*

शेवटी मी पाटी लावली. पुण्यात राहून लावली नसती तर लोकांनी नावं ठेवली असती. साखर जुनी झाली की पायातली जाणीव मरत जाते. काटा टोचला तर कळत नाही, चटका बसला तर कळत नाही. आणि हीच माणसं पायाला मुंग्या येतात म्हणून गरम पाणी घेतात. म्हणून दारासमोर, मोठ्या अक्षरात पाटी लावली: 'मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्यात पाय बुडवू नयेत.'

देशमुख बाई शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. जुन्या मधुमेहाच्या पेशंट. पाटी लागली त्याच दिवशी आल्या, चष्मा वर-खाली करून ती वाचली आणि म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. आश्चर्य आहे."

मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, बाईंना पटलं म्हणजे सगळ्यांना पटेल.

थंडीत त्या परत आल्या. रिक्षातून उतरताना दोन माणसांनी धरलं होतं. उजवं पाऊल भाजलेलं, मोठाले फोड. कोमट नाही, चांगलं कढत पाणी होतं ते. मी खाली बसले आणि फोड बघता बघता अक्षरशः रडायच्या बेताला आले.

"बाई, तुम्ही पाटी वाचली होतीत ना?"

"वाचली होती."

"कळली होती ना?"

"मराठीत होती. न कळायला काय झालं?"

"मग तरीही पाय बुडवलात?"

बाईंनी मला वर्गात उभं केल्यासारखं बघितलं. "तुम्ही 'बुडवू नयेत' असं लिहिलंयत. अनेकवचन आहे." मग भाजलेल्या पावलाकडे बोट दाखवलं. "मी एकच बुडवला."

त्या हसल्या. मीही हसले. सिस्टर हसल्या. बाईंचं पाऊल भरून यायला पुढचा पावसाळा उजाडला आणि तरी टाचेपाशी एक जखम राहिलीच. ती अजून आहे.

पाटी मी काढून टाकली. सिंधू सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या की मॅडम. शुद्ध आहे."

*

रामटेके काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. भंडाऱ्याकडचे, पण सगळी नोकरी पुण्यात झाली. दवाखान्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घर. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला. घरात ते आणि शोभाताई, दोघंच. काका जरा मोठ्यानं बोलायचे, शोभाताई हळू. इतक्या हळू, की मी सवयीनं खुर्ची पुढे ओढायचे.

काकांना साखरेनं पाय गार पडल्यासारखे वाटायचे. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लावायच्या आणि टबात पाय सोडून बसायचं, ही त्यांची सवय. मी नको म्हटलं होतं. ते "बरं" म्हणाले होते. एका गारठ्याच्या संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. शोभाताईंनी पातेल्यात तापवून आणलं, टबात ओतलं आणि विचारलं, "लागतंय का?"

"छे. गारच आहे. ओत अजून."

त्यांनी ओतलं. पुन्हा विचारलं.

"गार आहे गं. ओत."

त्या ओतत गेल्या. काका बातम्या बघत राहिले. सकाळी डाव्या पायाचा मोजा काढला, तर मोज्याबरोबर तळव्याची कातडी आली; उजव्यावर नुसते फोड होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण असं सुरू झालेलं कुठं जातं ते ठरलेलं आहे. आधी मी बोटं काढली. मग पाऊल. जंतुसंसर्ग वर सरकत राहिला, तेव्हा गुडघ्याखाली डावा पाय काढला. शोभाताई प्रत्येक वेळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभ्या असायच्या. बसायच्या नाहीत. मी बाहेर आले की एवढंच म्हणायच्या, "मॅडम, मी विचारलं होतं हो. दर वेळी विचारलं होतं."

काका त्यांना समजवायचे. "अगं, मीच ओत म्हणत होतो. तुझा काय दोष?" मीही सांगितलं, मुलीनं सांगितलं. 

घरी गेल्यावर शोभाताईंनी पाणी तापवणं सोडलं. गिझरचं बटण बंद. स्वतः भर थंडीत गार पाण्यानं अंघोळ करायच्या. काकांचं अंग पुसायला नर्सिंग ब्युरोचा माणूस यायचा, तो स्वतः पाणी तापवून घ्यायचा आणि तेवढा वेळ शोभाताई गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. हे मला काकांनीच सांगितलं. म्हणाले, "मॅडम, पाय माझा गेला आणि अपंग ही झाली."

नंतर एका संध्याकाळी शोभाताईंचा फोन आला. "मॅडम, जमलं तर घरी येता का? यांना झोप नाही. मला नीट सांगत नाहीत."

मी दवाखाना आटोपून गेले. काका खुर्चीवर बसले होते. पायजम्याची डावी बाजू दुमडून सेफ्टी पिन लावलेली. उजव्या पायात, मी सांगितल्याप्रमाणे, मोजा आणि बंद चप्पल. टीव्ही बंद होता. मला बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"तुम्ही हसाल, मॅडम."

"नाही हसणार. सांगा."

"पाय गार पडलाय."

मी उजव्या पायाला हात लावायला वाकले. पाय चांगला उबदार होता.

"तो नव्हे," काका म्हणाले. त्यांनी खुर्चीसमोरच्या फरशीकडे बोट केलं. तिथं काहीच नव्हतं. "हा. बर्फात ठेवल्यासारखा. रात्रंदिवस. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, सगळा."

मी त्यांना सांगितलं, असं होतं, गेलेला पाय जाणवत राहतो. त्याला एक नावही आहे, ते सांगितलं. मेंदू, नसा, जे काही येतं ते सगळं समजावलं. एक गोळी वाढवली. आरसा ठेवून करायचा एक व्यायाम असतो, तो दाखवला. काकांनी कचेरीत साहेबाचं ऐकावं तसं मान हलवत सगळं ऐकलं.

"बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले. "पण गार तर पडलाय."

मग ते शोभाताईंकडे वळले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"शोभा, जरा पाणी ठेव."

शोभाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"ठेव गं. तुझ्याशिवाय कोण ठेवणार?"

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही'ही म्हणता येईना.  

त्या आत गेल्या.  मग लायटरचा खटका, एकदा, दोनदा, आणि गॅस पेटल्याचा आवाज.

त्या टब घेऊन आल्या. खाली ठेवला. गुडघ्यावर बसल्या आणि त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, ब्लाऊजची बाही भिजली तरी काढला नाही. माझाही हात धरून त्यांनी तो पाण्यात घातला. पाणी कोमट होतं. मग टब त्यांनी हळूच पुढे सरकवला, काकांनी दाखवली होती त्या जागी, दुमडलेल्या पायजम्याच्या बरोबर खाली.

काकांनी गुडघा जरासा उचलला आणि सावकाश खाली केला, जसा कुणीही पाय पाण्यात सोडतो तसा. डोळे मिटले.

शोभाताईंनी तांब्या भरला आणि त्या रिकाम्या जागेवरून बारीक धार सोडली. पाणी टबात पडत राहिलं.

"लागतंय का?" त्यांनी विचारलं. इतकं हळू, की मी पुढे सरकले.

 शोभाताईंनी पुन्हा तांब्या भरला. पुन्हा धार सोडली. धार वाकडीतिकडी पडत होती.

"अहो. लागतंय का?"

काकांनी श्वास सोडला. खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेली बोटं एकेक करत सुटली.

"हां," ते म्हणाले. "आता पोचलं."